घरच्या वर्कशॉपमध्ये कॅम्प नाइफ: पाटा, पाणी, मूठ, सगळ्यावर मतं हवीत

सह्यभटक्या
नमस्कार मंडळी,
मुळशीत आमची थोडी शेती आहे. तिथल्या जुन्या गोठ्याच्या एका बाजूला मी हळूहळू छोटं वर्कशॉप उभं केलंय. बेंच व्हाइस आहे, चार इंची ग्राइंडर आहे, उभं ड्रिल मशीन आहे आणि कानशींचा बऱ्यापैकी संच आहे. आता स्वतःच्या हाताने एक कॅम्प नाइफ करायचाय. शेतावर मुक्काम असला की जळण फोडायचं, बांधावरची घाणेरी साफ करायची, आणि संध्याकाळी तोच सुरा धुऊन कांदे चिरायचे, असा एकच दणकट सुरा.

डोक्यातलं माप असं: पातं २०० मि.मी., रुंदी ४०, मुठीसकट एकूण लांबी साधारण ३३०. पट्टी अख्खी, मुठीतून आरपार जाणारी. भंगारवाल्याकडून ट्रकच्या कमानपाट्याचा तुकडा आणलाय, ८ मि.मी. जाडीचा. तो ६ पर्यंत उतरवावा असं माझं मत. दणकट पाहिजे तर जाड ठेवा, एवढा साधा हिशोब.

प्रश्न बरेच आहेत. भंगारातला पाटा वापरावा की नवीन पट्टी घ्यावी? ठोकून आकार द्यावा की नुसतं घासून? पाणी (म्हणजे लाल तापवलेलं पातं बुडवून कडक करणं) कशात द्यावं, तेलात की पाण्यात? आणि पावसाळ्यात न फुगणारी मूठ कशाची? ज्यांनी केलंय त्यांनी लिहा, ज्यांनी जवळून बघितलंय त्यांनीही लिहा.

रानवाटा
वाखुसा (वाचनखूण साठवली). पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

कानसवाला
छान विषय. पाट्यापासून सुरुवात करतो.

ट्रकच्या पाट्यात साधारण दोन कुळं सापडतात. एक सिलिकॉन-मँगेनीजचं, म्हणजे ईएन ४५. दुसरं क्रोम-मँगेनीजचं, म्हणजे एसयूपी ९. अमेरिकन लोक ज्याला ५१६० म्हणतात त्याचा हा जवळचा भाऊ. दोन्हींत कार्बन अर्धा ते पाऊण टक्क्याच्या मधे. हे पोलाद चिवट असतं, दणका सहन करतं, म्हणून मोठ्या सुऱ्याला उत्तमच. बेअरिंगचं ईएन ३१ घेतलंत तर कार्बन १ टक्क्याच्या आसपास जातो. धार जास्त टिकते, पण पाणी देताना तापमान सांभाळावं लागतं. पहिल्या सुऱ्याला पाटाच घ्या.

भंगारातल्या पाट्याची खरी अडचण वेगळी आहे. तो लाखो वेळा वाकून सरळ झालेला असतो. त्यात केसाएवढ्या चिरा असतात, डोळ्याला दिसत नाहीत, आणि पाणी देताना तिथूनच उकलतो. जुनी तपासणी सांगतो: पाट्यावरचा गंज आणि पापुद्रा पूर्ण काढा. रॉकेल लावून अर्धा तास ठेवा. कोरड्या फडक्याने खसाखसा पुसून घ्या आणि वरून खडूची पूड चोळा. चीर असेल तर आत शिरलेलं रॉकेल खडूत उतरतं आणि काळपट रेघ उमटते. मधल्या भोकाच्या आजूबाजूला, म्हणजे सेंटर बोल्ट बसतो तिथे, नीट बघा. शंका आली तर तो भाग कापून टाका.

दुसरं, पाटा कारखान्यातून टेंपर होऊनच (कडक करून, मग बेताने तापवून चिवट केलेला) येतो. तसाच ड्रिल करायला गेलात तर बिटं जळतील. आधी लाल करून राखेत किंवा कोरड्या चुन्यात रात्रभर पुरून ठेवा. सकाळी मऊ मिळेल. बाक असतो तोही याच वेळी, लाल असतानाच, ठोकून सरळ करून घ्या.

कोकणी_कोयता
एक प्रामाणिक प्रश्न. हे सगळं काम कोयती करत नाही का? आमच्याकडे माणूस सकाळी घरातून निघतो तो कमरेला मागे आकडी बांधून, त्यात कोयती अडकवून. नारळ सोलायचा नसेल तर फोडायचा, कवळं तोडायचं, बांबू तासायचा, कुंपणाची काठी टोकदार करायची, सगळं त्याच एका पात्याने. तिचं पुढचं चोचीसारखं वळण फांदी धरून ठेवतं, निसटू देत नाही. इतक्या पिढ्यांनी घासूनपुसून ठरवलेला आकार सोडून बाहेरचा आकार कशासाठी?

सह्यभटक्या
@कोकणी_कोयता, प्रश्न रास्त आहे. शेतावर कोयता आहेच. पण त्याला टोक नाही, आणि त्या जाड वळणदार पात्याने टोमॅटो चिरता येत नाही, मासा साफ करता येत नाही. मला तोडणं थोडं कमी चाललं तरी चालेल, पण तेच पातं स्वयंपाकालाही पाहिजे.

कोकणी_कोयता
मासा साफ करायला विळी. पण मुद्दा कळला.

शिलेदार
थोडा विरोधी सूर लावतो, राग नसावा. ट्रेकला असला सुरा नेण्याची फॅशन वाढत चाललीय, आणि त्यापायी गडांच्या आसपास हिरवी झाडं तोडलेली मी बघितलीत. भीमाशंकर, कोयना, कळसूबाई-हरिश्चंद्रगड ही अभयारण्यं आहेत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ तिथे लागू आहे. फांदी तोडणं, शेकोटी पेटवणं तिथे चालत नाही. वाटेतली कारवी आडवी येते म्हणून सपासप कापत जाणारे गट दिसतात. ती कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, आणि तिच्या मुळांनीच उतारावरची माती धरलेली असते. शेतावर वापरणार असाल तर माझी काही हरकत नाही. पण "कॅम्प" या नावाखाली जंगलात काय होतं ते इथे लिहायलाच हवं होतं.

सह्यभटक्या
शंभर टक्के सहमत. हा सुरा शेताच्या बांधाबाहेर जाणार नाही. ट्रेकला माझ्याकडे खिशातला छोटा चाकू असतो, तेवढा पुरतो.

रानवाटा
शिलेदार, +१. हरिश्चंद्रगडावर मुक्कामाला स्टोव्ह न्यावा, चहा लवकर होतो आणि डोळेही चुरचुरत नाहीत.

भट्टीवाली
मी धातुशास्त्र शिकले आणि भोसरी एमआयडीसीत हीट ट्रीटमेंटच्या कामात आहे, त्यामुळे पाण्याबद्दल लिहिते. सुऱ्याचं सगळं भवितव्य त्या काही मिनिटांत ठरतं. आकार वाकडा आला तर घासून सुधारता येतो. आतली बांधणी बिघडली तर सुरा दिसायला देखणा आणि कामाला निरुपयोगी.

पोलाद तापवत गेलं की साधारण ७७० अंश सेल्सिअसला लोहचुंबक त्याला चिकटणं सोडतं. बरेच जण तिथेच थांबून तेलात बुडवतात. ते लवकर होतं. क्रोमच्या पाट्याला ८३० च्या आसपास पाहिजे, सिलिकॉनच्या पाट्याला ८७० च्या आसपास. चुंबक सुटल्यावर आणखी थोडा चढता रंग, आणि त्या रंगावर काही मिनिटं स्थिर. मात्र फार वर गेलात तर आतले कण मोठे होतात आणि पातं काचेसारखं तुटतं.

तुमच्याकडचा पाटा नक्की कोणता हे ठिणग्या बघून सांगता येणार नाही. म्हणून सुऱ्याआधी त्याच पाट्याचे बोटभर तुकडे कापा. वेगवेगळ्या तापमानाला तेलात बुडवा, फडक्यात गुंडाळून व्हाइसमध्ये धरा आणि हातोड्याने तोडा. तोंडावर चष्मा हवाच. तुटलेला भाग उजेडात धरा. मऊसर, राखाडी, चमक नसलेला दिसला तर तापमान बरोबर. साखरेसारखी खडबडीत चमक दिसली तर जास्त तापलं. कानस घासून बघा: तुकड्यावरून कानस घसरली, चावली नाही, तर कडकपणा आला. ज्या तुकड्यात दोन्ही जमलं, त्याचं तापमान सुऱ्याला द्या.

पाणी देण्याआधी तीन वेळा नॉर्मलाइज करा. लाल करायचं, हवेत काळं होईपर्यंत निववायचं, पुढच्या वेळी थोडं कमी तापवायचं. ठोकताना आणि घासताना बसलेले ताण निघून जातात आणि कण बारीक होतात. वाकण्याचं प्रमाण निम्मं इथेच कमी होतं.

बुडवायचं तेलातच. पाणी फार झपाट्याने उष्णता ओढतं, या पोलादाला तडा जातो. शेंगदाण्याचं किंवा सोयाबीनचं तेल ५०-६० अंशांपर्यंत गरम करून घ्या. कोमट तेल पातळ होतं आणि पात्याला सगळीकडून भिडतं. गाडीचं वापरलेलं ऑइल वापरू नका, त्याच्या धुरात नको ते सगळं असतं. भांडं लोखंडी, उभं, झाकण असलेलं.

तेलातून काढल्यावर पातं हाताला सोसेल इतकं कोमट झालं की लगेच टेंपर करा, उद्यावर टाकू नका. २०० अंशांना दोन तास, मग निववून पुन्हा दोन तास. कडकपणा रॉकवेलच्या मापावर ५७-५९ च्या आसपास यायला हवा. सिलिकॉन असेल तर तोच परिणाम यायला १५-२० अंश जास्त लागू शकतात.

सुतारपक्षी
घरच्या ओव्हनमध्ये करायचं असेल तर आधी घरच्यांची लेखी परवानगी घ्या. केकला शेंगदाणा तेलाचा वास आला तर धागा वेगळ्या विभागात हलवावा लागेल.

भट्टीवाली
सुतारपक्षी :)
पण ओव्हनबद्दल एक गंभीर सूचना. त्याच्या बटणावरचा आकडा खरा मानू नका, आतलं तापमान बरंच वरखाली होतं. ट्रेमध्ये वाळू पसरून पातं त्यात पुरा, शेजारी वेगळा थर्मामीटर ठेवा. पुण्यात बुधवार पेठेत के टाइप थर्मोकपल (तापमान मोजायची तार) आणि डिजिटल मीटर सहज मिळतो. तोच भट्टीलाही वापरता येईल.

सातारी_सांडस
राम राम. आमच्या घरात पिढीजात लोहारकी. मी स्वतः आता नोकरी करतो, पण भाता ओढत मोठा झालो, आणि गावाकडं गेलो की अजून ऐरणीवर बसतो.

ताईंनी शास्त्र बरोबर मांडलंय. पण हाताची पद्धत पण ऐका. आमचे वडील विळा-कोयता पुरा बुडवत नाहीत. धारेची बाजू फक्त दोन बोटं बुडवायची, पाठ तांबडीच ठेवायची. बाहेर काढून लगेच दगडावर धारेजवळ घासायचं म्हणजे पांढरं पोलाद उघडं पडतं. मग बघत बसायचं. पाठीतली धग हळूहळू धारेकडं सरकते आणि त्या पांढऱ्या पट्ट्यावर रंग चढायला लागतो. आधी फिक्का पिवळा, मग गवताच्या काडीसारखा, मग तांबूस, मग जांभळा, मग निळा. कोयत्याला तांबूस आला की सगळं पाण्यात. छिन्नीला जांभळा. निळ्यावर गेलं की मऊ झालं, परत पहिल्यापासून. हे काम दिवसा उन्हात होत नाही. लोहारसाळ कायम अंधारी ठेवतात ती याचसाठी. बाहेरच्या उजेडात तांबडा कुठला आणि नारिंगी कुठला, कळत नाही.

रस्त्याच्या कडेला पाल टाकून बसणारी घिसाडी मंडळी बघा कधी. एवढीशी भट्टी, हातानं फिरवायचा पंखा, जमिनीत रोवलेली ऐरण. घण चालवणारी बहुतेक वेळा घरातली बाई असते. पाट्याचं विळे-खुरपं तुमच्यासमोर तासाभरात करून देतात. त्यांच्याशेजारी एक दुपार बसलात तर बरंच शिकाल. पण काम विकत घ्या, नुसते फोटो काढून उठू नका.

भट्टीवाली
दादा, फार सुंदर लिहिलंत. तुमच्या वडिलांच्या पद्धतीत पाठ चिवट आणि धार कडक राहते, कोयत्याला हेच हवं. माझं म्हणणं एवढंच की त्या रंगाला मिळणारा वेळ काही सेकंदांचा. तेवढ्यात नजर चुकली तर गेलं, आणि ती नजर यायला भात्याजवळ बालपण जावं लागतं. सह्यभटक्यांनी पहिल्या सुऱ्याला तेल आणि ओव्हन वापरावं.

सातारी_सांडस
हे मान्य. रंग एका क्षणात पळतो. ओव्हन दोन तास एका जागी धरून ठेवतो, ते हातानं होत नाही. फक्त एक: कोळसा लाकडी वापरा, दगडी नको. दगडी कोळशात गंधक असतं आणि नवख्या माणसाकडून पातं जळतं. करवंटीचा कोळसा मिळाला तर झकास.

सह्यभटक्या
भट्टी अजून नाहीये. गॅसवरची करावी की कोळशाची?

कानसवाला
घासूनच आकार देणार असाल तर भट्टी फक्त पाणी देण्यापुरती लागते. विटांचा चर करा, त्यात कोळसा, एका टोकाला पाइप आणि त्याला ब्लोअर. पातं थेट कोळशात न ठेवता जाड लोखंडी पाइपमध्ये ठेवा आणि पाइप कोळशात. पाइप सगळीकडून सारखा तापतो, पातंही सारखं तापतं, टोक जळत नाही. २०० मि.मी.च्या पात्याला ही सोय नसेल तर मधला भाग पिवळा आणि टोक काळं अशी गत होते. पाइप जीआयचा नको. त्यावरचं जस्त जळून जो पांढरा धूर निघतो तो विषारी असतो.

आता जाडी. इथे माझं तुमच्याशी पटत नाही. ६ मि.मी. जाड सुरा कांदा चिरत नाही, कांदा फोडतो. जळणात घुसताना पण तो अडकून बसतो. ताकद पाठीच्या जाडीपेक्षा पोलादाला दिलेल्या पाण्यात असते. मुठीपाशी ५ ठेवा आणि टोकाकडे ३ पर्यंत उतरत न्या. वजन मागे येतं, मनगट दुखत नाही. धारेचा कोन प्रत्येक बाजूने २० अंश.

सह्यभटक्या
पण ५ मि.मी.ने लाकूड फोडताना वाकणार नाही?

मिशिगनकर
सह्यभटक्या, इथे अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी म्हणून संस्था आहे, १९७६ पासून. त्यांची चाचणी ऐका. एकाच सुऱ्याने आधी लोंबकळणारा एक इंची दोर एका घावात तोडायचा. मग बांधकामातली दोन बाय चारची लाकडी पट्टी दोनदा पूर्ण तोडायची. त्यानंतर त्याच धारेने हातावरचे केस निघाले पाहिजेत. शेवटी व्हाइसमध्ये धरून पातं ९० अंशांत वाकवायचं, तुटता कामा नये. पातं १० इंचांपेक्षा लांब चालत नाही, २ इंचांपेक्षा रुंद चालत नाही. हे सगळं पार पडतं ते पाठ मऊ आणि धार कडक ठेवल्यामुळे. सातारी दादांच्या वडिलांची पद्धत आणि ही, मूळ एकच. मी इथल्या एका स्मिथकडे शनिवारी जातो, तो पण ५१६०च वापरतो आणि पाठीला ५-६ मि.मी.च्या वर जात नाही.

रानवाटा
वाकवायची चाचणी घरी करू नका, तोंडावर आला तर अवघड होईल.

कलम_३७
कायद्याचं थोडक्यात. शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालचे नियम ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचा विचार करतात, आणि घरगुती, शेतीच्या किंवा औद्योगिक कामासाठी केलेली अवजारं त्यातून वगळतात. तुमचं २०० मि.मी. म्हणजे ८ इंचांच्या आतलं, रुंदी ४०, आणि काम शेतीचं. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली सणासुदीला, निवडणुकीला मनाई आदेश निघतात, तेव्हा हत्यार घेऊन फिरणंच गुन्हा. नेताना म्यानात घालून, गुंडाळून, गाडीच्या डिकीत. कमरेला लावून चहाच्या टपरीवर उभं राहू नका. आणि विकायचा विचार आला तर आधी वकिलाला भेटा.

अडाणी_आर्किटेक्ट
अवांतर: डमास्कस म्हणून ऑनलाइन नक्षीदार सुरे मिळतात, तसं काही जमेल का? दिसायला भारी.

कानसवाला
हल्ली डमास्कस म्हणून मिळतं ते दोन वेगळ्या पोलादांचे थर भट्टीत जोडून, दुमडून केलेलं असतं. नंतर आम्लात बुडवलं की एक थर काळा पडतो आणि एक उजळ राहतो. जुनं भारतीय वुट्झ त्याहून वेगळं, मुशीत वितळवून केलेलं. मायकेल फॅरडेसारख्या माणसाने १८२० च्या आसपास त्यावर प्रयोग केले होते. पण थर जोडायला सफाई, सुहागा (टाकणखार) आणि जबरदस्त उष्णता लागते. पहिल्या सुऱ्याला साधी पट्टी. नक्षी पुढच्या वेळी.

सुतारपक्षी
मूठ माझ्या हद्दीतली. शिसव उत्तम, फर्निचरवाल्याकडे टाकाऊ तुकडे मिळतात. खैर आणि जुनी वाळलेली बाभूळ त्याहून चिवट. सागवान हलकं, घासायला सोपं, पण दणक्याला मऊ. काहीही घ्या, किमान वर्षभर वाळलेलं घ्या. ओलं लाकूड चैत्रात आकसतं आणि पट्टीच्या कडा हाताला टोचायला लागतात.

मुळशीचा पाऊस बघता मी तर जुन्या जीन्सची मूठ करेन. जीन्सचे तुकडे इपॉक्सीत भिजवून एकावर एक रचा, दोन फळ्यांत प्लास्टिक घालून क्लॅम्पमध्ये आवळा, दोन दिवस ठेवा. तयार होणारी पट्टी पाण्याने फुगत नाही, ओल्या हातातही निसटत नाही, आणि घासली की सुंदर निळसर थर दिसतात.

चिकटवताना लोखंड आणि मूठ दोन्ही ६० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडा, थिनरने पुसा, त्यानंतर बोट लावू नका. सावकाश वाळणारं अ‍ॅरल्डाइट घ्या, पाच मिनिटांचं नको. क्लॅम्प पिळून काढू नका, सगळा गोंद बाहेर येतो आणि जोड उपाशी राहतो. पितळेच्या ६ मि.मी. खिळ्या तीन. पट्टीतली भोकं पाणी देण्याआधी पाडायची, नंतर ड्रिल चालणार नाही. मुठीचं शेपूट खाली थोडं वळवा, घाव घालताना करंगळीला आधार मिळतो.

आणि मास्क. शिसवाच्या भुशाने अनेकांना खाज आणि दमा होतो. इपॉक्सीची पूड तर त्याहून वाईट.

कानसवाला
धारेची रेघ आखायची एक युक्ती राहिली होती. पट्टी जेवढी जाड तेवढ्याच व्यासाचं ड्रिल बिट घ्या. पट्टी सपाट टेबलावर आडवी, बिट शेजारी आडवं, आणि बिटच्या टोकाने कडेवर ओरखडा काढत जा. पट्टी पालथी करून पुन्हा तसंच. आधी कडेला मार्कर फासला असेल तर रेघ बरोबर मध्यावर चकचकीत उठून दिसते. घासताना दोन्ही बाजू त्या रेघेपर्यंत आणायच्या. पाणी देण्याआधी धार पातळ करायची नाही, तिथे १ मि.मी. जाडी ठेवा, नाहीतर लाटा येतात. उरलेलं टेंपरनंतर, आणि तेव्हा दर काही सेकंदांनी पाण्यात बुडवत. ग्राइंडरखाली धार निळी पडली की तेवढा टेंपर गेला.

सातारी_सांडस
ड्रिल करताना पट्टी हातानं धरू नका, क्लॅम्प करा. बिट अडकलं की पट्टी गरगर फिरते आणि बोटं नेते. ग्राइंडरचं गार्ड काढू नका. टेरिकॉटचा शर्ट नको, सुती घाला.

शिलेदार
तेलाने पेट घेतला तर?

सातारी_सांडस
झाकण ठेवायचं. पाणी अजिबात ओतायचं नाही. भांड्याजवळ वाळूची बादली पहिल्यापासून ठेवा.

सह्यभटक्या
मंडळी, तुमच्या सांगण्याप्रमाणे कामाला लागलोय. खडूच्या तपासणीत मधल्या भोकाजवळ बारीक रेघ उमटली, तो भाग कापून टाकला. चार तुकडे वेगवेगळ्या तापमानाला तोडून बघितले. ८३० चा तुकडा थोडा मऊ वाटला, कानस चावत होती. ८७० चा कडक, आणि तोंड मऊसर राखाडी. म्हणजे सिलिकॉनचाच पाटा असावा. पट्टी ५ मि.मी.ला आणलीय, कानसवाला यांचं ऐकून. काल संध्याकाळी अंधार पडल्यावर तेलात पाणी दिलं. पातं टोकाजवळ साधारण २ मि.मी. एका बाजूला वाकलंय. टेंपर लगेच केला, २१५ ला दोनदा. आता हे सरळ कसं करू?

भट्टीवाली
तेलातून काढल्यावर पहिला मिनिटभर पातं हातमोज्यात धरून सरळ करता येतं, ती वेळ गेली. पण काळजी करू नका. एका जाड सरळ लोखंडी पट्टीला पातं क्लॅम्प करा. बाकाच्या विरुद्ध बाजूला, जिथे वाक आहे तिथे नाण्यासारखा पातळ तुकडा घालून पातं उलटं थोडं जास्त वाकवा, २ मि.मी. वाक असेल तर साधारण ४ पर्यंत. तसंच ओव्हनमध्ये २१५ ला एक तास. निवल्यावर सोडा आणि बघा. उरलं तर पुन्हा. थंड पात्यावर हातोडा चालवू नका, आवाज यायच्या आत तुटेल.

सह्यभटक्या
दुसऱ्या फेरीत सरळ झालं! डोळ्याने बघून आता वाक दिसत नाही. जीन्सची पट्टी क्लॅम्पमध्ये आहे. म्यान चामड्याचं करायचं म्हणतोय.

सुतारपक्षी
कोल्हापुरी चपला करणाऱ्यांकडे बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेलं चामडं असतं, ते घ्या. धारेच्या बाजूने जाड पट्टी मधे घालून शिवा, म्हणजे धार टाक्यांना लागणार नाही. पावसाळ्यात सुरा म्यानात ठेवून विसरू नका. चामडं ओल धरतं आणि आठवड्यात डाग पडतात. पुसून, खोबरेल लावून उघडा टांगा.

कानसवाला
मूठ बसली की पितळेची चाचणी करा. ६ मि.मी.ची पितळी सळई व्हाइसमध्ये आडवी धरायची, धार त्यावर त्याच २० अंशांच्या कोनात ठेवून दाबत पुढे न्यायची, दिवा समोर ठेवून. धार सळईवर किंचित वाकते आणि पुढे गेली की परत जागेवर येते, हे नीट दिसतं. वाकून तशीच राहिली तर मऊ. कपचा उडाला तर कडक.

सह्यभटक्या
केली. अर्ध्याहून जास्त पात्यावर धार वाकून परत आली. वाळलेला बांबू तोडला, बाभळीचं ओंडकं फोडलं, त्यानंतर टोमॅटो चिरला, सालीवर न अडकता चिरला गेला. कोकणी_कोयता, तुमच्या कोयतीइतकं ओंडकं फुटत नाही हे कबूल, पण टोमॅटोला तोड नाही. ५ मि.मी. पुरेपूर आहे, ६ चा हट्ट सोडला. फक्त टोकाकडच्या शेवटच्या दोन इंचांत सळईवर दोन बारीक कपच्या उडाल्या. आता काय करू?

कोकणी_कोयता
टोमॅटो तुम्ही घ्या, ओंडकं आमच्याकडे पाठवा.

भट्टीवाली
टोक पातळ असतं म्हणून तिथे जास्त तापलं असणार, त्यामुळे तिथे जास्त कडक राहिलंय. मूठ बसलीय, त्यामुळे ओव्हनमध्ये अख्खं घालू नका, इपॉक्सी सुटेल. मुठीला आणि तिच्या पुढच्या दोन बोटं भागाला ओलं फडकं गुंडाळा, वाळूची ट्रे गॅसवर २३० पर्यंत आणा, थर्मोकपल वाळूतच ठेवा, आणि फक्त टोकाचे दोन-तीन इंच त्यात एक तास पुरा. फडकं सुकू देऊ नका. आधी टोक पांढरं घासून घ्या म्हणजे रंग दिसेल: गडद पिवळ्याच्या पुढे, तपकिरी लागायला लागला की काढा. नंतर कपच्या निघेपर्यंत दगडावर पाणी घालून घासा आणि सळई पुन्हा लावून बघा.